दुर्गम शाळेत शिक्षक आणायचे आणि टिकवायचे: कंपनीच्या अनुदानाचा प्रस्ताव कसा बांधावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या पाड्यांवर जिल्हा परिषदेच्या पाच शाळा आहेत. पहिली ते पाचवी, बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक. दोन शाळांत तर तोही शेजारच्या शाळेतून अधूनमधून येतो. विचारणाऱ्यांची संस्था नोंदणीकृत आहे आणि एक कंपनी सीएसआर निधीतून (कंपनीने सामाजिक कामासाठी बाजूला काढलेल्या पैशातून) तीन वर्षे पैसे द्यायला तयार आहे. प्रस्ताव कसा लिहावा, मानधन किती ठेवावे, आणि आणलेली माणसे दिवाळीनंतर निघून जाऊ नयेत म्हणून काय करावे?

अशा प्रस्तावांत भरतीचा खर्च तपशीलवार मांडलेला असतो आणि टिकवण्याच्या खर्चाची ओळच नसते. खरे तर माणूस मिळणे तितके अवघड नाही; डी.एड. करून घरी बसलेली मुलेमुली प्रत्येक तालुक्यात आहेत. तोच माणूस पुढच्या जूनमध्ये त्याच शाळेत परत येणे, इथे घोडे पेंड खाते. म्हणून अंदाजपत्रक मागच्या टोकाकडून लिहायला घ्या: मे महिन्यात त्याच्या हातात काय असेल, तो राहील कुठे, आजारी पडला तर काय. जाहिरात आणि मुलाखतीचा खर्च शेवटी.

त्याआधी शाळानिहाय एक कागद करा. ‘शिक्षक नाही’ याचे तीन वेगळे अर्थ असतात: पद मंजूरच नाही, पद मंजूर आहे पण रिक्त आहे, किंवा पद भरलेले आहे पण शिक्षक प्रतिनियुक्तीवर, दीर्घ रजेवर किंवा तालुक्याच्या कामात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत, आणि कलम २६ प्रमाणे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त पदे रिक्त ठेवता येत नाहीत. संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेची पदे ठरवण्याचा, तक्ता मुख्याध्यापकांकडे किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयात मिळतो. तो चालू वर्षाचाच घ्या, कारण १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष बदलले आणि त्याआधीच्या तक्त्यावर लिहिलेला प्रस्ताव पहिल्याच बैठकीत उघडा पडतो.

या कागदातून कधी कधी फुकटात एक पद निघते. संचमान्यता आधार वैध झालेल्या पटावर होते. शाळेच्या रजिस्टरात आडनाव आधी, आधारवर शेवटी. जन्मतारीख एकीकडे १ जून, दुसरीकडे १ जानेवारी. ‘ई’ दीर्घ की ऱ्हस्व एवढ्यावरून मूल अवैध ठरते. मूल रोज वर्गात बसलेले असते, पण पद ठरवताना मोजले जात नाही. तुमच्या समन्वयकाचे जुलै-ऑगस्टचे पहिले काम हेच ठेवा: पाच शाळांची अवैध नावे काढायची, पालकांना घेऊन आधार केंद्रावर जायचे, आणि ३० सप्टेंबरच्या आत दुरुस्ती शिक्षण विभागाच्या पोर्टलवर दिसते का ते पाहायचे. अनुदानातून तीन वर्षे मानधन देण्यापेक्षा मंजूर पद वाचवणे केव्हाही स्वस्त.

आता कायदेशीर बाजू. अनुदानातून घेतलेली व्यक्ती तुमच्या संस्थेची कर्मचारी असते, जिल्हा परिषदेची नाही. हे कागदावर जितके स्वच्छ, तितके पुढे सगळ्यांना सोपे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्यामार्फत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची लेखी परवानगी, आणि तीन वर्षांचा सामंजस्य करार, हे तिन्ही हवे. नुसत्या समितीच्या ठरावावर काम सुरू केले तर अधिकारी बदलला की ‘हे कोण?’ असा प्रश्न येतो आणि माणूस सहा महिन्यांत घरी. पदनाम ‘सहायक शिक्षक’ ठेवू नका, ते शासकीय पदाचे नाव आहे. ‘शिक्षण साथी’ किंवा तत्सम काही ठेवा. शाळेच्या हजेरीपटावर सही नको, संस्थेचे वेगळे हजेरीपुस्तक ठेवा. नियुक्तीपत्र ११ महिन्यांचे द्यायची जुनी सवय अनेक संस्थांना आहे. तीन वर्षांचा पैसा हातात असताना ११ महिन्यांचे पत्र दिले तर माणूस पहिल्या दिवसापासून दुसरीकडे अर्ज करत राहतो. प्रकल्पाच्या मुदतीइतके निश्चित मुदतीचे पत्र द्या, आणि त्यात जिल्हा परिषदेच्या पदावर हक्क राहणार नाही हे स्पष्ट लिहा.

करारात एक अट मात्र तुमच्या बाजूने घाला. अनुदानाचा माणूस आला की त्या शाळेतला नियमित शिक्षक दुसरीकडे पाठवण्याचा मोह वरच्यांना होतो, कारण कागदावर तिथे आता ‘व्यवस्था’ झालेली असते. म्हणून लिहून घ्या: मंजूर पदावरच्या शिक्षकाची प्रतिनियुक्ती अन्यत्र केल्यास संस्था ३० दिवसांत आपला माणूस दुसऱ्या शाळेत हलवेल. ही अट नसेल, तर तुमचा निधी एका शिक्षकाची भर घालण्याऐवजी एका शिक्षकाची जागा भरत बसतो, आणि कंपनीच्या लेखापालाला ते बरोबर कळते.

मानधनाचा आकडा हवेतून काढू नका. आधार दोन आहेत. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला (सुरुवातीची वर्षे मानधनावर असलेल्या शासकीय शिक्षकाला) जानेवारी २०२३ पासून महिना १६,००० रुपये मिळतात, आणि ७ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने रिक्त पदांवर घेतलेल्या निवृत्त शिक्षकांना २०,००० ठरवले होते. धडगावच्या पाड्यावर ८-१० हजारांत माणूस येईलही, पण तो तालुक्यातल्या खासगी शाळेत किंवा शिकवणीत जागा मिळेपर्यंतच. १६,००० च्या खाली जाऊ नका.

सहा जणांचे (पाच शाळा आणि एक जास्त, त्याविषयी पुढे) पहिल्या वर्षाचे गणित असे मांडता येईल. प्रत्येकी मानधन १६,००० प्रमाणे १२ महिन्यांचे १,९२,०००. दुर्गम भत्ता महिना २,००० म्हणजे २४,०००. भविष्यनिर्वाह निधीत संस्थेचा वाटा १५,००० च्या मर्यादेवर प्रशासकीय शुल्कासह १३ टक्के धरून २३,४००. आरोग्य आणि अपघात विमा ६,०००, प्रशिक्षण व प्रवास १२,०००, साहित्य ५,०००, वर्ष पूर्ण केल्याची रक्कम १०,०००. एकूण माणशी २,७२,४००, सहा जणांचे १६,३४,४००. त्यात समन्वयक २५,००० आणि त्याचा प्रवास ५,००० महिना, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. लेखापरीक्षण व हिशेब ५०,०००. निवड प्रक्रिया ४०,०००. पाच गावांत खोल्यांची दुरुस्ती प्रत्येकी ६०,००० प्रमाणे ३,००,०००. बेरीज २३,८४,४००. दुसऱ्या वर्षी मानधन १७,५०० आणि वर्षपूर्ती २०,०००, तिसऱ्या वर्षी १९,००० आणि ३०,०००. निवड आणि दुरुस्तीचा खर्च तेव्हा नाही. दुसरे वर्ष २२,१२,४००, तिसरे २३,८०,४००. तीन वर्षांचे मिळून ६९,७७,२००, समन्वयकाची वाढ न धरता. सत्तर लाखांचा आकडा ऐकून कंपनी बिचकली तर शाळा कमी करा, माणशी खर्च कापू नका.

यातल्या काही ओळींवर हमखास प्रश्न येतात. भविष्यनिर्वाह निधी २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला लागू होतो, आणि मूळ वेतन १५,००० च्या वर असलेल्या, आधी सदस्य नसलेल्या माणसाला तो सक्तीचा नाही. तरी द्या. निवृत्तीची काळजी चोवीस वर्षांच्या मुलाला नसते हे खरे, पण खाते क्रमांक आणि पगारपत्रक हातात आले की घरचे ‘ही नोकरी आहे’ असे मानतात, आणि सोडायचा दबाव कमी होतो. वर्षपूर्तीची रक्कम जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर, माणूस हजर झाल्यावर द्या. एप्रिलमध्ये दिली तर ती निरोपाची भेट ठरते. आणि चढती ठेवा. तिन्ही वर्षे सारखीच रक्कम असेल तर थांबण्याचे कारण वाढत नाही.

कंपनीकडून ‘प्रशासकीय खर्च ५ टक्केच’ असे ऐकू येईल. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा समन्वयक, प्रवास, हिशेब हा प्रकल्पाचाच खर्च आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०२१ च्या खुलाशात हे आहे. नम्रपणे, पण पहिल्याच बैठकीत सांगा. तुमच्याकडे प्राप्तिकर कायद्याखालच्या १२ए आणि ८०जी या नोंदण्या, सीएसआरची कामे घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ चा नोंदणी क्रमांक आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव असायला हवा. यातले एक जरी नसले तरी आधी ते, मग प्रस्ताव.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. कंपनीच्या संचालक मंडळाच्या ठरावात हा प्रकल्प ‘चालू प्रकल्प’ म्हणून नोंदवून घ्या. तशी नोंद असेल तर सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन आर्थिक वर्षे तो चालू शकतो, आणि मार्चअखेर न खर्चलेला पैसा ३० दिवसांत वेगळ्या खात्यात जाऊन तुमच्यासाठी राहतो. नोंद नसेल तर शिल्लक सहा महिन्यांत सरकारच्या ठरवून दिलेल्या निधीत जमा करावी लागते, म्हणून फेब्रुवारीत कंपनीचा फोन येतो की सगळे खर्च करून टाका. शिक्षकाचे मानधन घाईने खर्च होत नाही. मग टॅब आणि दप्तरे विकत घेतली जातात आणि जूनला मानधनाला पैसे नसतात.

वेळापत्रकातली ही दरी अशा प्रकल्पांना सर्वांत जास्त मारते. कंपनीचे वर्ष एप्रिल ते मार्च, शाळेचे जून ते मे. करार ऑगस्टमध्ये, पैसा नोव्हेंबरात, भरती जानेवारीत, आणि मे महिन्यात माणूस सुटीवर जातो तो परत येत नाही. करार जानेवारी ते मार्चमध्ये उरका, निवड एप्रिल-मेमध्ये, आणि १ जूनला माणसे रुजू करून दोन आठवडे प्रशिक्षण, म्हणजे १५ जूनला शाळा उघडताना ती वर्गात असतील. पहिला हप्ता सहा महिन्यांचा आगाऊ मागा. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रानंतर मिळणार असेल तर ते प्रमाणपत्र चौथ्या महिन्यातच पाठवा, सहाव्याची वाट पाहू नका. मानधन दर महिन्याच्या ५ तारखेला, मे धरून बाराही महिने. दोन महिने थकले की वर्षपूर्तीची रक्कम कितीही मोठी असो, माणसाचा विश्वास गेलेला असतो.

निवड कोणाची? शक्यतो त्याच तालुक्यातला, पावरी किंवा भिली बोलणारा. पहिलीतले मूल मराठी ऐकत घरून आलेले नसते. पहिले सहा महिने त्याच्या भाषेत बोलणारे माणूस वर्गात असेल तर पुढचे शिकवणे सोपे होते. आणि स्थानिक माणसाला शनिवारी घर गाठायला एसटी शोधावी लागत नाही. पात्रता डी.एल.एड. (जुने डी.एड.) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) मागा. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही. तुमचा माणूस शासकीय पदावर नसला तरी तोच निकष धरला तर अधिकाऱ्यांशी वाद उरत नाही. पात्र कोणी मिळालेच नाही तर बारावी झालेला स्थानिक तरुण घ्या, पण त्याला नियमित शिक्षकाच्या हाताखाली ठेवा. शून्यशिक्षकी शाळेत एकटा सोडू नका.

मुलाखत तालुक्याच्या कार्यालयात घेऊ नका, पाड्यावर घ्या. पहिली-दुसरीच्या एकत्र वर्गात वीस मिनिटांचा पाठ, मग समितीच्या दोन पालकांशी गप्पा. निवड झाल्यावर पत्र देण्याआधी त्या गावात दोन रात्री मुक्काम करायला सांगा. ज्यांना जमणार नाही ते तेव्हाच गळतात, आणि ऑगस्टच्या पावसात गळण्यापेक्षा मे महिन्यात गळलेले बरे. पोलीस चारित्र्य पडताळणी रुजू होण्याआधी. लहान मुलांजवळ काम आहे, ही अट कोणासाठीही शिथिल करू नका. महिला उमेदवार एकटी एका पाड्यावर ठेवण्यापेक्षा जवळच्या दोन पाड्यांच्या दोघी एका गावात ठेवा आणि रोजच्या प्रवासाचे पैसे द्या. संस्थेत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधक अंतर्गत समिती कायद्याने लागतेच.

खोलीविषयी जरा थांबून लिहितो, कारण प्रस्तावात तिला एक ओळही नसते. माणूस सोडून जाताना कारण ‘घरगुती अडचण’ लिहितो. खरे कारण अनेकदा गळके छप्पर, शौचालयाला नसलेली कडी आणि रात्री चार्ज न होणारा मोबाइल असते. साठ हजारांत पत्र्याखाली छत, आतून-बाहेरून कडी, ५०० लिटरची टाकी, सौर दिवा व चार्जिंग, पलंग आणि गॅस एवढे बसवता येते, जर भिंती उभ्या असतील तर. खोली जिल्हा परिषदेची किंवा ग्रामपंचायतीची असावी. सीएसआरच्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरणाकडे, लाभार्थींच्या गटाकडे किंवा पात्र संस्थेकडेच राहू शकते. खासगी घरमालकाची भिंत बांधून दिली तर लेखापरीक्षणात अडकाल. खासगी खोलीच मिळत असेल तर दुरुस्तीचा खर्च न टाकता तेवढे वर्षभराचे भाडे दाखवा. पेसा गावांना (आदिवासी भागात ग्रामसभेला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या गावांना) मिळणाऱ्या ५ टक्के अबंध, म्हणजे कामाचे बंधन नसलेल्या, निधीतून ग्रामसभेने ठराव करून पाणी किंवा दुरुस्तीचा वाटा उचलला तर कंपनीपुढे गावाचा सहभाग दाखवायला तेवढे पुरे.

सहावा माणूस का? पाचांपैकी कोणीतरी बाळंतपण, परीक्षा, आजारपण किंवा दुसरी निवड यामुळे जाणारच. त्या वेळी नवी जाहिरात काढली तर शाळा दोन महिने रिकामी राहते. सहावा राखीव म्हणून आधीपासून नेमा, एरवी तो मोठ्या पटाच्या शाळेत काम करेल. शिवाय निवडीची प्रतीक्षायादी वर्षभर जिवंत ठेवा. पवित्र पोर्टलवरून (शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून), तलाठी किंवा पोलीस भरतीतून निवड झालेला माणूस महिन्याची नोटीस देत नाही, आणि त्याला अडवून ठेवणे बरोबरही नाही. उलट टीईटी आणि शिक्षक भरतीच्या अभियोग्यता चाचणीसाठी वर्षाला पाच दिवस अभ्यासरजा आणि परीक्षा शुल्क द्या. लपूनछपून रजा घेणारा लवकर जातो. सांगून परीक्षा देणारा निकाल लागेपर्यंत तरी मन लावून राहतो. शिक्षक म्हणून शासकीय सेवेत गेलेल्यांना अहवालात गळतीत मोजू नका, वेगळ्या रकान्यात दाखवा.

त्याच शाळेतल्या नियमित शिक्षकांना या निधीतून वरकड रक्कम देऊ नका. वर्तणूक नियमांमुळे ते त्यांच्या अंगाशी येते. त्यांच्यासाठी खोली, इंटरनेट, साहित्य आणि प्रशिक्षण पुरेसे आहे. आदिवासी व नक्षलग्रस्त भागासाठी ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानुसार एकस्तर (एक पायरी वरची) वेतनश्रेणी आणि मूळ वेतनाच्या १५ टक्के, कमाल १,५०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे. तो कोणाचा थकला असेल तर केंद्रप्रमुखांकडे पाठपुरावा करायला मदत करा. १,५०० ची मर्यादा आजच्या पगारात हास्यास्पद आहे हे खरेच, पण थकबाकीची रक्कम मोठी असते. बदलीच्या नियमांत ‘अवघड’ ठरवलेल्या क्षेत्रात तीन वर्षे झाली की शिक्षकाला बदली मागता येते, हेही गृहीत धरा. शाळा अवघड क्षेत्राच्या यादीत आहे का ते पाहा; सातपैकी किमान तीन निकष लागतात, त्यात पेसा, २,००० मिमीहून जास्त पाऊस, मोबाइलची रेंज नसणे, महामार्गापासून १० किमीहून जास्त अंतर असे मुद्दे आहेत. प्रत्येक शाळेच्या नियमित शिक्षकाचे तिसरे वर्ष कधी भरते ते नोंदवा, म्हणजे दोघे एकाच जूनमध्ये निघून जाणार नाहीत.

कंपनीला काय मोजून दाखवाल? ‘सहा शिक्षक नेमले’ हा आकडा निरुपयोगी आहे. शिक्षक-दिवस मोजा: पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरायला हवी, त्यातल्या किती दिवशी वर्गात दोन प्रौढ होते. जागा रिकामी झाल्यापासून भरेपर्यंत किती दिवस गेले. या जूनमधले किती जण पुढच्या जूनला हजर. मुलांचे वाचन आणि वजाबाकी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आणि दिवाळीआधी तपासा. दिवाळीनंतर ऊसतोडीला आणि गुजरातकडे जाणारी कुटुंबे मुलांना नेतात, त्यामुळे जानेवारीची चाचणी निम्म्या पटावर होते आणि तुलना फसते. तिसरी तपासणी होळीनंतर, भोंगऱ्याचे (होळीच्या सुमारास भरणारे आदिवासी) बाजार आटोपल्यावर घ्या. भोंगऱ्याच्या आठवड्यात प्रशिक्षण ठेवणाऱ्या संस्था आहेत; त्या प्रशिक्षणाला कोणी येत नाही, यात नवल नाही.

तिसऱ्या वर्षानंतर काय, हा प्रश्न कंपनी विचारेलच. ‘लोकवर्गणीतून चालू ठेवू’ असे लिहू नका, पाड्यावर वर्षाला १६ लाखांची वर्गणी जमत नाही आणि वाचणाऱ्याला ते माहीत असते. त्याऐवजी शाळानिहाय लिहा: या दोन शाळांत आधार दुरुस्तीनंतर पद टिकण्याची शक्यता, या शाळेत पद मंजूर पण रिक्त असल्याने पवित्र पोर्टलच्या पुढच्या फेरीत मागणी नोंदवलेली, आणि या दोन शाळांत पट इतका कमी की बाहेरचा माणूस लागतच राहील. शेवटच्या दोन शाळांसाठी मुदतवाढीचे पत्र तिसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये द्या. कंपनीचे पुढच्या वर्षाचे अंदाजपत्रक तेव्हाच आकार घेत असते, आणि तुमच्या माणसांना मार्चआधी कळायला हवे की जूनमध्ये नोकरी आहे की नाही.